आत्याबाईला मिशा आहेत

प्रिय भाचीबाई,

सोबतचं खोकं आईसमोर उघडू नकोस. एव्हाना उघडून बसली असशील (तुझी घाई मला माहीत आहे), तर आत जे काळ्या मुठीचं, लांबट, मिटलेलं आहे ते बाजूला ठेव आणि आधी हे पत्र वाच. तो वस्तरा आहे. पातं बदलायचा नव्हे, धार लावायचा, जुन्या पद्धतीचा. त्याच्याखाली चामड्याचा पट्टा गुंडाळून ठेवलाय, एक ब्रश आहे, साबणाची वाटी आहे, तुरटीचा खडा आहे आणि पाच फुगे आहेत. फुगे बघून तुला वाटेल, आत्याचं डोकं फिरलं. डोकं जागेवर आहे. फुग्यांचं पुढे येईल.

तुझे बाबा मागच्या मंगळवारी माझ्याकडे येऊन गेले, हे त्यांनी तुला सांगितलं नसणार. का आले होते ते मी अगदी शेवटी लिहिणार आहे. आधी लिहिलं तर तू तणतणत त्यांच्या खोलीत जाशील आणि हे पत्र टेबलावर अर्धंच पडून राहील. मला ते पुरतं वाचून व्हायला हवंय. सदतीस वर्षं मी दुसऱ्यांची पानं शिवून पुस्तकं बांधली. स्वतःबद्दल एक पान लिहिलं नाही. आता लिहायला बसलेय तर मधे कुणी बोललेलं मला चालणार नाही, तूसुद्धा नाही.

तर ऐक. मला दाढी आहे. मिशाही आहेत. थोडीशी लव वगैरे नव्हे, चांगली राठ, काळी आणि आता निम्मी पांढरी झालेली दाढी. हे तुला माहीत आहे, तुझ्या आईबाबांना माहीत आहे, आणि आपण एकमेकांना हे माहीत आहे हेही सगळ्यांना माहीत आहे. तरी आजवर आपल्या घरात कुणी हे वाक्य उच्चारलेलं नाही. घे, मी लिहून टाकलं. छप्पर जागेवर आहे.

सतरा वर्षांची होते तेव्हा सुरू झालं. आधी हनुवटीवर चार केस, मग कानशिलांपासून खाली, मग वरच्या ओठावर. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, कुणी कुणी सांगितलेले लेप झाले. अंगातली रसायनं जरा वेगळी आहेत, बाकी मुलगी ठणठणीत आहे, असं शेवटच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि आईने त्यातला फक्त पहिला भाग ऐकला. तेव्हापासून आमच्या घरात त्याला नाव नव्हतं. आई नुसतं ‘ते’ म्हणायची. ते दिसतंय गं, जरा बघ. दादा, म्हणजे तुझे बाबा, तेव्हा वीस वर्षांचा. एके सकाळी माझ्या कपाटात, घड्यांच्या खाली, मला त्याचं दाढीचं यंत्र सापडलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, सोबत पात्यांचं नवं पाकीट. एक अक्षर बोलला नाही. पुढे कितीतरी महिने तो सलूनमध्ये जाऊन दाढी करून यायचा आणि यंत्र हरवलं म्हणून आईची बोलणी खायचा. हे मी तुला मुद्दाम सांगतेय. पुढे मी त्याच्यावर तोंडसुख घेणार आहे, तेव्हा ही गोष्ट विसरू नकोस. त्याने त्या दिवशी मला वाचवलं. आणि त्याच दिवशी आम्ही दोघं गप्प बसायला शिकलो ते कायमचं.

आपल्या भाषेत म्हणी करणाऱ्यांचं माझ्याशी काय वैर होतं कोण जाणे. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं! जर-तरच्या गप्पा निघाल्या की कुणीतरी ही म्हण फेकतोच. तू जन्मलीस आणि मी आत्याबाई झाले, तोवर मला तिचा त्रास नव्हता. तुझ्या पहिल्या वाढदिवसाला तुझ्या बाबांच्या ऑफिसातले एक गृहस्थ भर खोलीत ती म्हणाले. बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं, तो बदलीबद्दल बोलत होता. पण आपल्या माणसांचे चेहरे बघायला हवे होतेस. तुझी आई रिकाम्या बशा आणायला आत पळाली, दादा पंख्याकडे बघायला लागला, आणि बाकीचे आपापल्या कपात काहीतरी पडल्यासारखे वाकले. मी मात्र हसले. सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसले आणि मग कपडे बदलायच्या खोलीत जाऊन बसले.

आता एक गोष्ट तुझ्या जन्माच्या आधीची. मी तिशीची होते. आम्ही ज्या छापखान्याची पुस्तकं बांधायचो, तिथे एक मशीनवाला होता. छापलेले ताव घेऊन तो आमच्याकडे यायचा आणि ताव ठेवून झाले तरी जायचा नाही. बोलका नव्हता, पण माझ्या टेबलाशी उभा राहून मी कडा कशा तासते ते बघत राहायचा. एकदा त्याने सरळ विचारलं, लग्नाचं. मी नाही म्हटलं. कारण विचारलं तर म्हटलं, मला करायचंच नाही. घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले. मला तो हवा होता गं. पण लग्न म्हणजे रोजची सकाळ एकाच खोलीत, आणि त्या सकाळी माझं तोंड कसं असतं ते मलाच ठाऊक. पुढे पंधरा वर्षांनी त्याने माझी चांगली बिनपाण्याने केली. नोकरी सोडून गावाकडे निघाला होता, निरोप घ्यायला आला, पाकिटातला बायकोमुलांचा फोटो दाखवला आणि जाता जाता हसून म्हणाला, तुमच्या अंगाला माझ्याच दाढीच्या साबणाचा वास यायचा, रोज सकाळी दाढी करताना तुमची आठवण यायची. म्हणजे त्याला माहीत होतं! माहीत असून त्याने विचारलं होतं. मी त्याला एकदाही विचारलं नाही, तुला चालेल का म्हणून. त्याचा नकार त्याच्या वतीने मीच देऊन टाकला. तो गेल्यावर मी पुठ्ठ्यांच्या कोठारात उभी राहिले, आणि रडू नाही आलं, स्वतःचा राग आला. तो राग अजून गेलेला नाही.

आणि आता तू. तू चार वर्षांची असताना माझ्या मांडीवर उभी राहून माझ्या गालाला गाल घासायचीस आणि खिदळायचीस. टोचतं, टोचतं, आणखी कर! मी आले की दारातूनच ओरडायचीस, टोची आत्या आली, टोची आत्या आली. मला काय वाटायचं सांगू? छान वाटायचं. एकोणीस वर्षं जे नुसतं ‘ते’ होतं, त्याला कुणीतरी नाव दिलं होतं, आणि ते नाव हसत हसत घेत होतं. मग एका रविवारी पाहुणे बसलेले असताना तू तशीच ओरडत आलीस. तुझ्या आईने तुझा दंड धरला आणि तुला आत नेलं. चिमटा काढला की धपाटा घातला ते दिसलं नाही, पण तुझं भोकाड ऐकू आलं. थोड्या वेळाने तू दाराशी येऊन उभी राहिलीस आणि शाळेत कविता म्हणावी तशी म्हणालीस, आत्या. नुसतं आत्या. मी हात पुढे केले नाहीत. टोचेल म्हणून. तुझ्या आईला मी दोष देत नाही, तिला वाटलं ती माझी लाज राखतेय. पण त्या दिवशी मी ठरवलं की आता गाल असा गुळगुळीत करायचा की कुणाला कधी टोचणार नाही.

यंत्राने सकाळी दाढी केली की दुपारी चारला खुंट वर यायचे. वस्तऱ्याची दाढी दुसऱ्या दिवसापर्यंत टिकते असं ऐकलं होतं. आमचं बाइंडिंगचं दुकान पहिल्या मजल्यावर, माझं टेबल खिडकीशी, आणि खाली रस्त्यापलीकडे सलून. सलूनच्या मास्तरांची पाठ माझ्याकडे असायची, पण त्यांच्यापुढे भिंतभर आरसा होता. वर्षभर मी चामड्याच्या कडा तासता तासता तो आरसा बघितला. वस्तरा कसा धरतात, बोटं कुठे ठेवतात, गाल कसा ताणतात, कुठून सुरू करतात, सगळं पाठ केलं. मग एका जुन्या सामानाच्या दुकानातून वस्तरा आणला. दुकानदाराने विचारलं, मिस्टरांसाठी का? मी हो म्हटलं. मग त्याने माझ्या न झालेल्या मिस्टरांची दाढी राठ आहे की मऊ, कातडी नाजूक आहे का, याची इतकी आपुलकीने चौकशी केली की मलाच त्या मिस्टरांची काळजी वाटायला लागली.

घरी सकाळी आणि दुकानात दुपारी, सगळे जेवायला गेले की मागच्या मोरीत, असं मी शिकत होते. तोंडावर बारीक चिरा पडायच्या, मी म्हणायची मांजर आहे. माझ्याकडे मांजर नव्हतं. एका दुपारी वस्तरा जबड्याखाली आडवा सरकला. रक्त थांबेना. तुरटी संपलेली. पुस्तकाच्या कापडाचा तुकडा दाबून मी जिना उतरले, रस्ता ओलांडला आणि सलूनच्या अर्ध्या पाडलेल्या शटरखालून वाकून आत शिरले. मास्तर डबा खात होते. त्यांनी वर बघितलं. माझ्या एका गालावर रक्त, दुसऱ्या गालावर साबणाचा फेस. ते तसेच उठले, हात धुतले आणि रक्त थांबेपर्यंत तुरटी दाबून धरली. मग म्हणाले, अर्धी दाढी घेऊन परत कुठे जाणार, बसा खुर्चीत. आणि त्यांनी माझा उरलेला गाल केला. भाचीबाई, तोवर माझ्या त्या गालाला डॉक्टर सोडला तर कुणाचा हात लागला नव्हता. तुझा सोडून. मी डोळे मिटून घेतले, कारण उघडे ठेवले असते तर काही खरं नव्हतं.

नंतर त्यांनी विचारलं, धरता कसा ते दाखवा. मी वस्तरा डाव्या हातात घेतला. डावखुऱ्या आहात? नाही, मी उजव्याच हाताची. मग हा डावा कसा? मी खिडकी दाखवली, त्यांचा आरसा दाखवला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आरशाकडे बघितलं आणि इतके हसले की डब्याचं झाकण खाली पडलं. मी वर्षभर त्यांचं आरशातलं रूप शिकले होते. त्यांचा उजवा हात आरशात डावा, म्हणून माझा डावा. वर त्यांचे हात समोरच्या माणसाच्या दाढीचे, मला करायची माझी. उलट्याचं उलटं. असा गाढवपणा करायला बाइंडिंगची खिडकी आणि माझ्यासारखी लपूनछपून शिकणारी बाईच लागते. मी म्हटलं, आता उजव्या हाताने पहिल्यापासून शिकते. तर म्हणाले, कशाला, डाव्याची वर्षभराची मेहनत आहे, तीच सरळ करू. दाढीला काय कळतंय हात कुठला, तिला दिशा कळते.

मग रोज दुपारी एक ते दोन, शटर अर्धं खाली. पहिला महिना नुसते फुगे. फुगा फुगवायचा, त्याला ब्रशने फेस लावायचा आणि वस्तऱ्याने तो फेस काढायचा. फुगा फुटला तर गळा गेला असं समजायचं. पहिल्या दिवशी मी सात माणसं मारली. शेजारच्या घड्याळवाल्याने बाहेरून विचारलं, मास्तर, काय चाललंय काय? मास्तर म्हणाले, उंदीर मारतोय. हा उंदरांचा बहाणा महिनाभर चालला, शेवटी घड्याळवाल्याने प्रेमाने एक पिंजरा आणून दिला. फुगे फुटायचे थांबले तेव्हा मास्तर स्वतः खुर्चीत बसले, मान मागे टाकली आणि म्हणाले, करा. मी म्हटलं, मास्तर, गळा आहे. ते म्हणाले, केसाने गळा कापणारी माणसं खूप बघितली, तुम्ही निदान वस्तऱ्याने कापाल. मी त्यांच्या गालाला फेस लावला. आधी बोटं ठेवली, मग वस्तरा टेकवला. त्यांची दाढी मी पुरी केली, एकही चीर नाही. त्यांनी गालावरून हात फिरवला आणि म्हणाले, उद्यापासून स्वतःची.

आता तुझा धडा, नीट वाच. मी हे सगळं डाव्या हाताने करते, तू उजव्या हाताची आहेस. तेव्हा माझा डावा तो तुझा उजवा समज. मी तुझ्यासमोर उभी आहे आणि तू आरशात बघतेयस असं धर, म्हणजे गोंधळ व्हायचा नाही. आधी पट्टा. एक टोक खिळ्याला अडकव, दुसरं ताणून धर, वस्तरा सपाट ठेव, आणि ओढताना पाठ पुढे, धार मागे. धार पुढे केलीस तर पट्टा कापशील. परतताना वस्तरा पाठीवरच उलटायचा. दोन्ही बाजू मिळून पन्नास वेळा, बिनघाईने. तोंडाला गरम पाण्याचा टॉवेल, मग फेस. फेसात कंजूषपणा नको.

वस्तरा फिरवायचे हात चार, पण तुला सुरुवातीला दोनच लागतील. पहिला ओढता हात. वस्तऱ्याची धार खाली, कानशिलापासून जबड्याकडे, आपल्याकडे ओढायचं. जवळच्या गालाला हा. दुसरा लोटता हात. मनगट वळवायचं, बोटांची पाठ गालाकडे येते, आणि वस्तरा आपल्यापासून लांब लोटायचा. पलीकडच्या गालाला हा. दोन्हीत दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरायची. आधी बोटं, मग वस्तरा, हा क्रम कधी चुकवू नकोस. वस्तऱ्याची पाठ गालापासून जरा उचललेली, मधे त्याच पाठीच्या जाडीच्या दुप्पट फट राहील इतकी. त्याहून उचललीस तर कापेल, आडवी पाडलीस तर केस उपटेल. जोर लावायचा नाही, त्याचं वजन त्याला पुरतं. लहान लहान हात मारायचे, आणि काय वाटेल ते झालं तरी आडवं सरकवायचं नाही. माझ्या जबड्याखालची खूण तू बघितली आहेस, ती आडव्या सरकवण्याची आहे. मांजराची नव्हे.

उरलेले दोन हात उलट्या दिशेचे, मानेकडून वर जाणारे. ते तीन महिने विसरून जा. आधी केसांची दिशा शोध. दाढी दोन दिवस वाढू दे आणि बोट फिरव, कुठे मऊ लागतं, कुठे अडतं. हनुवटीखाली डाव्या बाजूला एक भोवरा सापडेल, तिथे केस गोल फिरतात. माझ्या तिथे आहे. तुझ्याही असणार, कारण तो तुझ्या बाबांच्याही तिथेच आहे. जी गोष्ट ते इतकी झाकतात, ती त्यांच्याच घराण्याची आहे, हे त्यांना एकदा आरशात दाखव.

हो, तुझ्या दाढीबद्दल मला माहीत आहे. तू सतरा वर्षांची असताना मी तुमच्याकडे आले होते. तू ओढणी गळ्याशी घट्ट धरून बसली होतीस. वाकून पाणी दिलंस तेव्हा हनुवटीखाली लाल ठिपके दिसले. चिमट्याने एकेक उपटलेले, काही पिकलेले. ते ठिपके मी झोपेतही ओळखेन. मी दोन दिवस राहणार होते. दुपारच्या गाडीने परत निघाले, दुकानात काम निघालं म्हणून सांगितलं. काम कसलं, पळाले. मला तुला कपाटापाशी नेऊन वर्तमानपत्रातलं यंत्रसुद्धा देता आलं नाही, दादाने केलं तेवढंही मी केलं नाही. आणि गेल्या महिन्यात तू लग्नाची बातमी घेऊन आलीस, तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून म्हणालीस, आत्या, हे लग्न मोडावंसं वाटतंय, कारण विचारू नकोस. मी विचारलं नाही, कारण मला कारण दिसत होतं, तुझ्या उंच कॉलरच्या आत. मी काय केलं? चहात साखर टाकली. दोनदा टाकली, तू तो पाक मुकाट्याने प्यायलीस. त्याबद्दल मला माफ कर. माफ नाही केलंस तरी मी समजू शकते, पण पत्र पुढे वाच.

लग्न कर किंवा मोड, तो तुझा प्रश्न. मुलगा मला आवडला, पण माझ्या आवडण्याला कोण विचारतो. एवढंच सांगते, त्याच्या वतीने तू नकार देऊ नकोस. त्याला सांग, आणि त्याला बोलू दे. वाकडं बोलला तर आत्ताच कळलेलं बरं. हसला आणि साबण कुठला वापरतेस म्हणून विचारलं, तर त्याला घट्ट धरून ठेव. आणि हा वस्तरा मी तुला लपायला पाठवलेला नाही. तुला वाटलं तर कर, वाटलं तर लेझरने केस कायमचे काढून घे, वाटलं तर दोन्ही न करता वाढव. गुळगुळीत गाल मलाही आवडतो, रोज वीस मिनिटं ते काम मी तब्येतीत करते. पण भीतीने केलेली दाढी आणि हौसेने केलेली दाढी यांत फरक असतो, तो मला पन्नाशी उलटल्यावर कळला. तुला चोविसाव्या वर्षी कळायला काय हरकत आहे?

आता मंगळवार. दादा आला, स्टुलावर बसला आणि नेहमीसारखा पंख्याकडे बघायला लागला. चहा निवला. मग म्हणाला की मुलाकडची माणसं फार चौकस आहेत. जवळून बघतात, घराण्यात काय काय आहे ते विचारतात. तुझं नाव न घेता, माझंही नाव न घेता, ‘ते’ हा शब्दही न उच्चारता त्याने अर्धा तास बोलून दाखवलं. शेवटी म्हणाला, तू लग्नाला आली नाहीस तर बरं. आणि पोरीला वाईट वाटू नये म्हणून तूच तिला एक पत्र लिही. गुडघे धरलेत, जिना चढवत नाही, डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलंय, असं काहीतरी. तुझं अक्षर बघितलं की तिला पटेल. त्याचे डोळे भरले होते, ते मी बघितलं. तरी त्याला चांगलं धारेवर धरायला हवं होतं. मी नाही धरलं. मी म्हटलं, बरं दादा, लिहिते पत्र. तो सुटल्यासारखा जिना उतरला. त्याच्यामागून मी पोस्टात खोकं आणायला उतरले, भरभर, कठड्याला हात न लावता.

तर हे ते पत्र. दादाला शब्द दिला होता, पाळला. माझे गुडघे ठणठणीत आहेत. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळच्या गाडीने येतेय, मला घ्यायला स्टेशनवर तूच ये. तुझ्या दाढीबद्दल मी तिथे चकार शब्द काढणार नाही, ती गोष्ट तुझी. मी यायला नको असं तुला स्वतःला वाटत असेल, तर तुझ्या अक्षरात एक ओळ लिही, मी मुकाट्याने इथेच राहीन आणि रुसणार नाही. पण तुझ्या बाबांच्या सांगण्यावरून नाही राहणार. एक सांगायचं राहिलं. जुन्या सामानाच्या दुकानातला वस्तरा केव्हाच झिजून गेला, माझ्याकडे तो एकच होता, मास्तरांनी वारण्याआधी दिलेला, आणि तो आता तुझ्याकडे आहे. लग्नाला अजून सोळा दिवस आहेत, मंगळवारपासून मी गालाला काही लावलेलं नाही. कुठल्या तोंडाने आलीस म्हणून तिथे कुणी विचारलं, तर सांगेन, माझ्याकडे तोंड एकच आहे, त्याच तोंडाने आले. स्टेशनवर उतरले की आधी तुझा गाल पुढे कर. टोचेल.

तुझीच,
टोची आत्या